बातमी जेथे संपते

सुरत शहराच्या दक्षिणेस, उधना आणि भेस्तान या रेल्वे स्थानकांच्या परिसरात, पांडेसरा नावाचा भाग आहे. औद्योगिक वसाहत म्हणून त्याची ख्याती. कृत्रिम धाग्यांचे कापड येथील गिरण्यांत रंगविले जाते, छापले जाते आणि ताक्यांच्या व साड्यांच्या रूपाने देशभरच्या बाजारांत जाते. धुराडी, वाफ, रंगाच्या पाण्याचा दर्प आणि पाळी बदलताना रस्त्यावर लोटणारी माणसे, हे या वस्तीचे नित्याचे चित्र. या माणसांत खानदेशातून आलेला मराठी माणूस मोठ्या संख्येने आहे. जळगावहून अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार अशी गावे घेत उधन्याला येणाऱ्या लोहमार्गाने त्याला, किंवा त्याच्या वडिलांना, येथे आणले. त्याच्या शेजारच्या खोलीत ओडिशाचा माणूस राहतो, पलीकडच्या खोलीत उत्तर प्रदेशचा किंवा बिहारचा. घरात अहिराणी, गिरणीत हिंदी, दुकानात गुजराती आणि वर्तमानपत्र मराठी, असा त्याचा चौपदरी व्यवहार चालतो.

चहाच्या लारीपाशी उभा राहून तो वर्तमानपत्र उघडतो, तेव्हा आतल्या पानाच्या तळाशी कधी कधी चार ओळींची एक बातमी असते. अनोळखी इसमाचे प्रेत आढळल्याची, वय अंदाजे अमुक असल्याची, आकस्मिक मृत्यूची नोंद होऊन पुढील तपास चालू असल्याची. तो ती वाचतो, क्षणभर थबकतो आणि पान उलटतो. दुसऱ्या दिवशी त्या बातमीचा पुढचा भाग बहुधा नसतोच. हा माणूस कोण होता, त्याची वाट पाहणारे कोठे कोणी होते काय, हे प्रश्न तसेच राहतात. वाचकाच्या मनातून ते लवकर निघून जातात; ज्याने ती बातमी लिहिली त्या बातमीदाराच्या मनातून मात्र ते इतक्या सहजी जात नाहीत.

गुन्ह्यांच्या बातम्या देण्यात उमेदीची वर्षे घालविलेले अनेक पत्रकार पुढे गुन्ह्यांच्या कथा-कादंबऱ्या लिहू लागले. त्याचे एक मूळ या उरलेल्या प्रश्नांत आहे. लोकांची सर्वसाधारण समजूत अशी की, पत्रकाराजवळ खळबळजनक हकीगतींचा साठा असतो आणि नावे बदलून तो त्यांचीच पुस्तके करतो. ही समजूत अपुरी आहे. हकीगती वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही मिळतात. पत्रकाराजवळ जे असते ते निराळेच. आणि ते काय, हे नीट ध्यानात घेतले तर चांगली गुन्हेकथा कशी घडते याचाही उलगडा होतो.

बातमी आणि रहस्यकथा यांचे नाते फार जुने आहे. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो हा रहस्यकथेचा आद्य जनक मानला जातो. १८४१ साली न्यूयॉर्कमधील तंबाखूच्या दुकानात काम करणारी मेरी रॉजर्स नावाची तरुणी नाहीशी झाली आणि काही दिवसांनी हडसन नदीत तिचे प्रेत सापडले. वर्तमानपत्रांनी या प्रकरणावर रकानेच्या रकाने लिहिले. मासिकांच्या संपादनावर पोट भरणाऱ्या पोने ही कात्रणे पुढे ठेवून, स्थळ पॅरिसला नेऊन आणि मुलीचे नाव फ्रेंच करून, १८४२-४३ मध्ये एक कथा क्रमशः प्रसिद्ध केली. त्याचा गुप्त पोलीस घटनास्थळी जात नाही. तो केवळ बातम्या वाचतो आणि त्यांतील विसंगती उघडकीस आणतो. खऱ्या प्रकरणाचा निकाल कधीच लागला नाही. बातमी जेथे थांबली तेथून कल्पनेने पुढे जाण्याचा हा एक आरंभीचा प्रयत्न होय.

पोने बातम्या वाचल्या होत्या. त्याच्यानंतरच्या पिढीत त्या स्वतः लिहिणारेच या क्षेत्रात उतरले. फ्रान्समध्ये गास्ताँ लरू याने पॅरिसच्या दैनिकांसाठी न्यायालयांतील खटल्यांची वार्तापत्रे लिहिली, आणि १९०७ साली पिवळ्या खोलीचे रहस्य उलगडणारी आपली सुप्रसिद्ध कादंबरी दिली. तिचा नायक पोलीस नसून एक तरुण बातमीदारच आहे. इंग्लंडमध्ये एडगर वॉलेस हा बोअर युद्धाच्या बातम्या पाठवीत होता. १९०५ पासून तो गुन्हेकथांकडे वळला. अलीकडच्या काळात अमेरिकेतील मायकेल कॉनेली याने प्रथम फ्लोरिडात आणि नंतर ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये गुन्हेवार्ताहर म्हणून काम केले. त्याची पहिली कादंबरी १९९२ साली निघाली. तिच्यातील बँक फोडण्याच्या प्रसंगामागे लॉस एंजेलिसमध्ये भुयार खणून झालेली खरी चोरी होती.

या सर्वांना पत्रकारितेने नेमके काय दिले? पहिली गोष्ट म्हणजे व्यवहाराचे ज्ञान. गुन्हा घडल्यावर पोलीस ठाण्यात काय होते, हे बहुतेकांना चित्रपटांतून ठाऊक असते आणि म्हणूनच चुकीचे ठाऊक असते. बातमीदाराला ते प्रत्यक्ष पाहावे लागते. प्रथम खबर कोण देतो, ती कोणत्या शब्दांत लिहून घेतली जाते, पंच म्हणून कोणाला बोलावतात आणि तो पंच किती नाखुशीने येतो, प्रेताचा पंचनामा होऊन ते शवविच्छेदनासाठी केव्हा जाते, कोणत्या वस्तू मोहोरबंद होऊन न्यायसहायक प्रयोगशाळेकडे रवाना होतात, हे सारे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. खुनासारख्या गंभीर गुन्ह्यात आरोपी कोठडीत असल्यास ९० दिवसांच्या आत आरोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क प्राप्त होतो, हे त्याला ठाऊक असते. म्हणून त्याच्या कथेत तपास अधिकारी नुसता बुद्धिमान असून भागत नाही. दिनदर्शिका त्याच्या मानेवर बसलेली असते.

एक उदाहरण पुरेसे आहे. असंख्य रहस्यकथांच्या शेवटी गुन्हेगार इन्स्पेक्टरपुढे आपला अपराध कबूल करतो आणि पुस्तक मिटते. आपल्या देशाच्या कायद्यात पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात ही तरतूद होती आणि जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. मात्र आरोपीने सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधापुरता तो भाग ग्राह्य धरला जातो. याचा अर्थ असा की, जेथे सामान्य रहस्यकथा संपते तेथे खऱ्या अधिकाऱ्याचे काम सुरू होते. सुरा कोठे टाकला हे आरोपीने सांगणे आणि तो सुरा पंचांसमक्ष सापडणे, यांच्यामधल्या काही तासांत कधी कधी सगळा खटला तरतो किंवा बुडतो. न्यायालयाच्या बाकावर बसून असे खटले बुडताना ज्याने पाहिले आहेत, त्याला या काही तासांतले नाट्य सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे काय ठेवावे आणि काय वगळावे याची शिस्त. आणि येथे मोठी गंमत आहे, कारण बातमीची रचना व रहस्यकथेची रचना परस्परांच्या अगदी उलट आहेत. बातमीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट पहिल्या वाक्यात येते. जागा अपुरी पडली तर उपसंपादक खालून कापीत येतो आणि तरीही अर्थ शाबूत राहतो. रहस्यकथेत सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटास येते आणि वरून, खालून वा मधून काहीही कापले तर इमारत कोसळते. तेव्हा बातमीदाराला कादंबरी लिहिताना आपली जन्माची सवय मोडावी लागते. परंतु ती सवयच त्याच्या उपयोगीही पडते. कोणता तपशील वाचकाचे लक्ष पहिल्या ओळीत खेचून घेईल हे त्याला नेमके कळते. आणि म्हणूनच तो तपशील मधल्या एखाद्या साध्या परिच्छेदात, दिसेल पण टोचणार नाही अशा बेताने, कसा ठेवून द्यावा हेही त्याला साधते.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. कोण, काय, कधी, कोठे, कसे आणि का, या सहा प्रश्नांची उत्तरे बातमीने द्यावीत असे नव्या बातमीदाराला पहिल्याच दिवशी शिकविले जाते. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे संध्याकाळपर्यंत मिळतात. ‘कसे’ याचे उत्तर काही दिवसांनी मिळते. ‘का’ ही जागा मात्र बहुधा रिकामी राहते, किंवा ‘पूर्ववैमनस्यातून’, ‘किरकोळ वादातून’, ‘पैशाच्या देवघेवीवरून’ अशा तयार शब्दांनी ती कशीबशी भरली जाते. किरकोळ वादावरून माणूस माणसाचा जीव घेतो म्हणजे काय? तो वाद किरकोळ कोणाला वाटला? या प्रश्नांना बातमीत जागा नाही; कथेत आहे.

इंग्रज लेखक जी. के. चेस्टरटन याचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. तो हयातभर वर्तमानपत्रांत लिहीत राहिला आणि स्वतःला पत्रकारच म्हणवून घेत राहिला. १९११ साली त्याने फादर ब्राउन या बुटक्या, साध्याभोळ्या दिसणाऱ्या कॅथॉलिक धर्मगुरूच्या कथांचा पहिला संग्रह काढला. फादर ब्राउनला गुन्हे उलगडतात ते पावलांच्या ठशांवरून किंवा सिगारेटच्या राखेवरून नव्हे. पापनिवेदन ऐकता ऐकता माणसाचे अंतःकरण किती खोल जाऊ शकते हे त्याने जाणलेले असते. १९२७ च्या एका संग्रहात तो आपली रीत सांगतो: आपण गुन्हेगाराच्या जागी स्वतःला उभे करतो आणि तेथून जग कसे दिसते ते पाहतो. गुन्हेगार हा निराळ्या जातीचा प्राणी नसून आपल्यासारखाच माणूस आहे, हे मान्य केल्यावाचून ‘का’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. पोलीस कोठडीबाहेर बसून आरोपीच्या आईशी बोललेल्या बातमीदाराला हे मान्य करणे फारसे जड जात नाही.

आता मराठीकडे वळू. मराठीत रहस्यकथेचा जो प्रचंड वाचकवर्ग निर्माण झाला तो प्रथम कल्पनारम्य कथेचा होता. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार, काळा पहाड आणि धनंजय यांनी दोन-तीन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. पत्रकारिताही केलेले गुरुनाथ नाईक यांनी बाराशेच्या आसपास रहस्यकथा लिहून कॅप्टन दीपसारखे नायक घरोघरी पोहोचविले. २०२१ साली त्यांचे निधन झाले. श्रीकांत सिनकर यांनी निराळी वाट धरली आणि मुंबई पोलिसांच्या खऱ्या तपासांवर आधारलेल्या कथा लिहिल्या. पण पत्रकाराच्या वहीतून थेट उगवलेली आणि गुन्ह्याला समाजाच्या मांडणीत बसवून दाखविणारी मराठी कादंबरी पाहावयाची असेल, तर अरुण साधू यांच्याकडे जावे लागते.

साधू यांचा जन्म १९४१ चा, परतवाड्याचा. ‘केसरी’त आणि नंतर अनेक इंग्रजी दैनिकांत त्यांनी बातमीदारी केली. त्यांची ‘मुंबई दिनांक’ आणि १९७७ सालची ‘सिंहासन’ या कादंबऱ्या रूढ अर्थाने रहस्यकथा नव्हेत. परंतु सत्तेचा खेळ, कामगार संघटना आणि चोरट्या मालाचा व्यापार हे एकाच शहरात एकमेकांना कसे धरून असतात, हे त्यांत दिसते. या दोन कादंबऱ्यांवरून डॉ. जब्बार पटेल यांनी १९७९ मध्ये ‘सिंहासन’ हा चित्रपट काढला. त्यातील दिगू टिपणीस हा पत्रकार सगळीकडे वावरतो, सगळ्यांशी बोलतो, आणि त्याला जे कळते त्याचा फारच थोडा भाग तो छापू शकतो. बातमीदार कादंबरीकडे का वळतो, याचे उत्तर दिगूच्या रूपाने जणू पडद्यावर चालते-बोलते झाले आहे.

या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकरांची. तेही वृत्तपत्रांत नोकरी केलेले लेखक. १९८१ साली ‘इंडियन एक्सप्रेस’च्या एका बातमीदाराने मध्य प्रदेशातून एक स्त्री प्रत्यक्ष विकत घेऊन स्त्रियांची खरेदी-विक्री चालते हे जगापुढे सिद्ध केले. बातमी खरी होती, धाडसाची होती आणि देशभर गाजली. तेंडुलकरांनी त्यावरून ‘कमला’ हे नाटक लिहिले. पण त्यांनी त्या धाडसाची आरती ओवाळली नाही. नाटकातील पत्रकार विकत आणलेल्या कमलाला पत्रकार परिषदेत उभी करतो आणि पुढे तिचे काय होणार, याचा विचार त्याला सुचत नाही. कमला मात्र त्याच्या पत्नीला सहजपणे विचारते की तिला त्याने केवढ्याला घेतले. गुन्हा उघडकीस आणणाराही गुन्ह्याला हातभार लावू शकतो, हे बातमीत सांगता येत नाही. नाटकात सांगता आले.

तिसरे नाव जयंत पवारांचे. तेही पत्रकार, आणि गिरणगावात वाढलेले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांत सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. वर्तमानपत्रांनी संपाच्या बातम्या दिल्या. नंतर गिरण्या बंद पडल्याच्या दिल्या. त्यानंतर टोळीयुद्धांच्या आणि चकमकींच्या दिल्या. या तीन बातम्या निरनिराळ्या पानांवर छापल्या गेल्या. पवारांनी १९९७ च्या ‘अधांतर’ नाटकात त्या एका घरात आणल्या. कामगार बाप गेला आहे, मुले मोठी झाली आहेत आणि त्यांतला एक टोळीत शिरला आहे. हा मुलगा गुन्हेगार कसा झाला, याचे उत्तर त्याच्या पंचनाम्यात सापडणार नाही. ते घरातल्या रिकाम्या डब्यात सापडते. २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहाला मिळाला; २०२१ मध्ये ते गेले.

मुंबईच्या गिरण्या विझत असताना भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि सुरत येथील यंत्रमागांचा पसारा वाढत होता. कापडाबरोबर कामगारांची वस्ती आली आणि वस्तीबरोबर तिचे प्रश्नही. म्हणून गिरणगावानंतरची कथा शोधायची तर पांडेसऱ्याला परत यावे लागते.

एप्रिल २०१८ मध्ये पांडेसरा-भेस्तान परिसरात एका मुलीचे प्रेत सापडले. वय अकराच्या सुमारास. अत्याचार करून तिला मारण्यात आले होते आणि अंगावर ८० हून अधिक जखमा होत्या. एवढे होऊनही कितीतरी दिवस एक गोष्ट कोणालाच सांगता येईना: ती कोण होती. तिला शोधत कोणी आले नाही. बेपत्ता मुलींच्या याद्या पाहिल्या गेल्या, माहिती देणाऱ्यास इनाम जाहीर झाले. अखेर सीसीटीव्हीच्या चित्रणात दिसलेल्या एका मोटारीवरून पोलीस आरोपीपर्यंत पोहोचले. त्याच भागात सापडलेले एका स्त्रीचे प्रेत त्या मुलीच्या आईचे होते, हे वैद्यकीय तपासणीने निश्चित झाले. मुलीला शोधत आई का आली नाही, याचे उत्तर ते होते. मार्च २०२२ मध्ये सुरतेच्या न्यायालयाने मुख्य आरोपीला देहांताची शिक्षा सुनावली.

ही हकीगत येथे सांगण्याचे कारण तिचा भीषणपणा नव्हे. इंग्लंडातील खेडेगावात घडणाऱ्या जुन्या धाटणीच्या रहस्यकथेत मेलेला माणूस सर्वांच्या परिचयाचा असतो. त्याचे घर, वारस, हाडवैरी सगळ्यांना ठाऊक असतात. प्रश्न एकच, मारणारा कोण. पांडेसऱ्यासारख्या वस्तीत पहिला प्रश्न वेगळा असतो: मेलेला कोण. येथे माणूस ठेकेदाराच्या शब्दावर येतो, भाड्याच्या खोलीत चार-सहा जणांत राहतो, गिरणी बदलली की खोली बदलतो. शेजाऱ्याला त्याचे गाव ठाऊक नसते, गावाला त्याचा पत्ता ठाऊक नसतो. तो दिसेनासा झाला तर शेजाऱ्याला वाटते गावी गेला, आणि गावाला वाटते कामात असेल. या दोन समजुतींच्या मधल्या फटीत माणूस नाहीसा होऊ शकतो. हे कोणत्याही परदेशी रहस्यकथेतून शिकता येणार नाही. वर्षानुवर्षे पोलीस ठाण्याच्या ओट्यावर बसून, सिव्हिल इस्पितळाच्या शवागाराबाहेर थांबून आणि चार भाषांत विचारपूस करून ज्याने त्या चार-चार ओळींच्या बातम्या लिहिल्या, त्यालाच ते ठाऊक असते. येथील गुन्हेकथेचा नायक गुन्हेगाराचा माग काढण्याआधी मयताचे नाव शोधील. आणि ते शोधताना त्याला सगळी वस्ती, तिचे ठेके, तिच्या खोल्या, तिच्या रेल्वेगाड्या यांचा शोध घ्यावा लागेल.

परंतु याच ठिकाणी पत्रकाराला थांबून विचार करावा लागतो. ही माणसे खरी आहेत. त्यांचे नातलग जिवंत आहेत. त्यांच्या दुःखावर आपण कथा रचावी काय, आणि रचली तर कशी?

कायद्याने याचा काही भाग ठरवून दिला आहे. अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम २३ तीच मनाई करते. व्यक्ती मृत झाली असली तरी तिची प्रतिष्ठा उरते आणि म्हणून तिची ओळख जपली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केले. यात एक चमत्कारिक विरोध दिसेल. ज्या मुलीचे नाव शोधण्यासाठी साऱ्या शहराला साद घातली गेली, तिचे नाव सापडताच ते झाकून ठेवणे हेच कर्तव्य झाले. पण विचार केला तर यात विरोध नाही. नाव शोधायचे ते तिच्या माणसांसाठी आणि न्यायासाठी. झाकायचे ते बाजारापासून.

माहिती देणाऱ्यांचाही प्रश्न आहे. पोलिसांतला एखादा शिपाई, टोळीबाहेर पडू पाहणारा एखादा पोरगा, खोल्यांचे भाडे गोळा करणारा एखादा म्हातारा, हे बातमीदाराशी बोलतात ते विश्वासाने. धर्मगुरूने पापनिवेदनातील शब्द कोणालाही सांगू नये हा नियम जितका कडक, तितकाच कडक नियम बातमीदाराने आपल्यापुरता पाळावा लागतो. कादंबरीत नाव बदलले म्हणजे हा नियम पाळला गेला असे होत नाही. गल्लीतील माणसे लंगड्या पायावरून, बोलण्याच्या लकबीवरून, दुकानाच्या रंगावरून माणूस ओळखतात. ओळखले जाण्याची किंमत काय असते, हे मुंबईतील गुन्हेवार्ताहर जे. डे यांना ठाऊक होते. पोलिसांच्या खबऱ्यांच्या जगावर त्यांनी ‘झीरो डायल’ हे पुस्तक लिहिले, आणि ११ जून २०११ रोजी पवई येथे भर दिवसा त्यांचाच गोळ्या घालून खून झाला.

म्हणून जाणता लेखक एका माणसाचा चेहरा, दुसऱ्याचा व्यवसाय आणि तिसऱ्याचे दैव घेऊन चौथाच माणूस उभा करतो. कामाची पद्धत, कायद्याची वाट, वस्तीचे वळण आणि बोलण्याची ढब तो खरी ठेवतो. व्यक्ती, नाती आणि प्रसंगांचा क्रम तो बदलतो. थोडक्यात, बातमीत जे पडताळून पाहता येते ते कथेत बदलावे आणि बातमीत जे मावत नाही ते कथेत आणावे.

आणि कधी कधी नुसते थांबावे लागते. कोलंबियाचा गाब्रिएल गार्सिया मार्केस हाही व्यवसायाने पत्रकार. १९५१ साली त्याच्या ओळखीच्या एका तरुणाचा, साऱ्या गावाला आधी कुणकुण असताना, खून झाला. मार्केसला ही कथा तत्काळ लिहावयाची होती. त्याच्या आईने त्याला विनविले की, मेलेल्या मुलाची आई हयात आहे तोवर हे लिहू नकोस. त्याने ते ऐकले. ती कादंबरी १९८१ साली, म्हणजे ३० वर्षांनी प्रसिद्ध झाली. बातमीला एक दिवसाचाही उशीर चालत नाही. कथा ३० वर्षे थांबू शकते आणि थांबल्याने तिचे काही बिघडत नाही. किंबहुना इतक्या वर्षांत खुन्यांबद्दलचा राग ओसरून, सारे गाव गप्प का राहिले, हा खरा प्रश्न वर आला.

सुरतेत, नंदुरबारात किंवा जळगावात आज जो तरुण मराठी बातमीदार पोलीस ठाण्यांच्या फेऱ्या मारीत आहे, त्याच्या वहीतही अशा पुष्कळ नोंदी असतील. छापलेल्या चार ओळींच्या खाली न छापलेल्या दहा ओळी असतील: मयताच्या खिशात सापडलेले रेल्वेचे तिकीट, त्याच्या मनगटावर गोंदलेले अक्षर, शेजारणीने सांगितलेले एखादे वाक्य. वर्तमानपत्राला त्यांचा उपयोग नव्हता म्हणून त्या मागे राहिल्या. त्याने ती वही टाकून देऊ नये. त्यातला माणूस कोण होता हे शोधण्याचा प्रयत्न आधी बातमीदार म्हणून करावा. नाव सापडले तर ते त्याच्या घरच्यांपर्यंत पोहोचवावे. त्यानंतर, पुष्कळ दिवसांनी, त्या माणसाला ओळखू येणार नाही असे दुसरे नाव देऊन, ‘का’ या रिकाम्या जागेसमोर त्याने लिहावयास बसावे.